वहींतले रकाने

भोकरदन तालुक्यांतील केदारखेड्यासारख्या गांवीं, सुगीनंतरच्या मोकळ्या शेतांत, एखाद्या मुलानें लागोपाठच्या तीन चेंडूंवर तीन गडी बाद केले, तर त्या पराक्रमाचें आयुष्य तें किती? फार तर दिवेलागणीपर्यंत. दुसरे दिवशीं 'तीन होते कीं दोन' यावर वाद माजेल, आणि तिसरे दिवशीं सारेंच विसरलें जाईल. पराक्रमाचा विक्रम करणारा माणूस निराळाच असतो. तो मैदानांत उतरत नाहीं, एका बाजूस वही घेऊन बसतो. म्हणून गोलंदाजीच्या विक्रमांचा इतिहास पाहतांना त्या वहीकडेहि पाहणें प्राप्त आहे.

कांहीं पराक्रमांना वहीची अडचण पडत नाहीं. कसोटींत एकाच डावांत दहाहि गडी टिपणारे तिघेच झाले: १९५६ सालीं लेकर, १९९९ सालीं अनिल कुंबळे आणि २०२१ सालीं, आपल्या जन्मगांवीं मुंबईंत, न्यूझीलंडचा एजाझ पटेल. बळींचा रकाना त्यांच्यासाठीं जणूं आखलेलाच होता.

परंतु नाशिकच्या बापू नाडकर्णी यांचें काय? १९६४ च्या जानेवारींत मद्रास येथें इंग्लंडच्या पहिल्या डावांत त्यांनीं ३२ षटकें टाकलीं. त्यांपैकीं २७ निर्धाव, आणि धावा अवघ्या ५. निर्धाव षटकाचीं सहा टिंबें जोडून गुणलेखक इंग्रजी 'एम' अक्षर काढतो; अशीं २१ अक्षरें ओळीनें पडलीं. बळींच्या रकान्यांत मात्र शून्य! केवळ बळीच मोजणाऱ्या वहीनें हा पराक्रम कोराच ठेवला असता. आणखी एक गंमत पाहा. लागोपाठचीं निर्धाव षटकें मोजलीं तर विक्रम नाडकर्ण्यांचा; पण धाव न देतां टाकलेले चेंडू मोजले, तर त्यांच्या १३१ वर दक्षिण आफ्रिकेच्या टेफील्डचे १९५७ मधील १३७ वरचढ ठरतात. तेथें षटक आठ चेंडूंचें असल्यानें त्याचीं निर्धाव षटकें १६ च भरतात. कोण श्रेष्ठ, हें आधीं माप ठरल्यावांचून सांगतां येत नाहीं.

मापाचा प्रश्न येथवर मौजेचा आहे. पाळवणकर बाळू यांच्यापाशीं तो गंभीर होतो. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यांत त्यांनीं ११४ बळी घेतले, सरासरी १८.८४. त्यांतून प्रथम श्रेणीचे सामने तेवढे वेगळे काढले कीं संख्या ७५ वर येते. दोन्ही आंकडे खरे, आणि दोन्ही अपुरे. कारण चर्मकार कुटुंबांत जन्मलेल्या या गोलंदाजाच्या हातचा चेंडू पुण्याच्या हिंदु संघास चालत असे. चहा मात्र त्याला बाहेर, मातीच्या भांड्यांत मिळे. हिंदु संघाचें नेतृत्व त्याच्या वांट्यास कधींच आलें नाहीं. तें १९२३ सालीं धाकट्या भावास, विठ्ठल यांस लाभलें. कोणत्या रकान्यांत हें लिहावें?

वही कोणाला वगळते, याची कबुली अमेरिकेनें अलीकडेच दिली. तेथील बेसबॉलमध्यें कृष्णवर्णीयांना कित्येक दशकें वेगळें खेळावें लागलें. १९२० ते १९४८ मधील त्यांच्या संघांचे आंकडे मुख्य नोंदवहींत दाखल व्हावयास २०२४ साल उजाडलें. हाती चेंडू तोच होता. पण त्यांची वही तोंवर अधिकृत मानली जात नव्हती.

बाळूंच्या बळींची नोंद तरी राहिली, हें आपलें सुदैव. परंतु नोंद राहिली म्हणजे न्याय झाला, असें मात्र नव्हे. आपल्या घरांतील मुलें खेळाडूंचे आंकडे तोंडपाठ म्हणून दाखवितात तेव्हां आपण कौतुक करतों, आणि तें योग्यच आहे. ११४ हा आंकडा त्यांना शिकवितांना मातीच्या भांड्याची हकीकतहि वडील माणसांनीं सांगावी. ती सांगितली नाहीं, तर आपलीहि वही अपुरीच राहील.