होडीतला 'फार' आणि आपला 'पार'

अटलांटिक महासागरातील फेरो बेटांवर आठ जणांनी वल्हवायच्या होडीला 'आट्टामन्नाफार' म्हणतात. ९व्या शतकात नॉर्वेहून आलेल्या वसाहतकारांच्या भाषेतून हा शब्द घडला. आपण तो फोडून पाहू. 'आट्टा' म्हणजे आठ, 'मन्ना' म्हणजे माणसांचे आणि 'फार' म्हणजे जलवाहन.

आट्टा-आठ हे नाते कानालाच कळते. पण 'फार'चे काय? 'पुष्कळ' या अर्थाचा आपला 'फार' संस्कृत 'स्फार'पासून आला. त्याचा येथे संबंध नाही. याकोब ग्रिमने १८२२ मध्ये मांडलेल्या नियमाप्रमाणे मूळचा 'प' जर्मानिक भाषांत 'फ' होतो. 'पितृ'चा भाऊबंद इंग्रजीत 'फादर' असतो. तसाच होडीतल्या 'फार'चा सोयरा म्हणजे आपला नदीपारचा 'पार'! शब्दांची सोयरीक रूपावरून नव्हे, नियमावरून ठरते, एवढे आपण वर्गात जरूर सांगू या.