अंग धरलं म्हणजे किडनी मानवली?

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत कापडाच्या आणि इंजिनिअरिंगच्या कारखान्यांत पाळ्यांनी काम चालतं. तिथला एखादा कामगार किडनी बदलून परत आला आणि गालफडं भरलेली दिसली, की शेरा ठरलेला: ‘अंग धरलंय, किडनी मानवली.’ समज मायेतून आलेला आहे, पण चुकीचा आहे.

त्याच्या बाजूनं एक भक्कम पुरावा आहे, तो आधी मांडायला हवा. डायलिसिसवरच्या रुग्णांच्या मोठ्या पाहण्यांत वजनदार रुग्ण हडकुळ्यांपेक्षा जास्त जगलेले दिसतात. डायलिसिसवर भूक मरते, स्नायू झडतात. ज्याच्या अंगात साठा आहे तो तगतो. प्रत्यारोपणानंतर मात्र हे गणित उलटतं. शरीरानं नवी किडनी नाकारू नये म्हणून दिलेलं प्रेडनिसोलोन भूक वाढवतं, आणि बहुतेकांची डायलिसिसवेळची केळं, टोमॅटो, नारळपाण्यावरची बंदीही सैल होते. तेच औषध स्नायू झिजवतं आणि चरबी पोटावर, चेहऱ्यावर आणून बसवतं. म्हणजे भरलेले गाल पुष्कळदा गोळीचे असतात, तब्येतीचे नव्हेत. त्याच कामासाठीच्या टॅक्रोलिमस या दुसऱ्या औषधामुळे स्वादुपिंडातून इन्सुलिन कमी सुटतं, पोटाच्या चरबीमुळे असलेलं इन्सुलिन नीट लागू पडत नाही. दोन्ही मिळून मधुमेह, आणि मधुमेह नव्या किडनीलाही सोडत नाही. शिवाय किडनी बसवलेली एकच. शरीर वाढलं तरी तिच्यातल्या गाळण्या वाढत नाहीत. एकेका गाळणीवर ताण येतो आणि लघवीतून प्रथिनं जाऊ लागतात.

कोल्हापुरात वजनाचं कौतुक तालमीतून आलं. पैलवानाचं वजन जोर-बैठकांनी कमावलेलं. इथं तर ‘हलकं काम’ म्हणून भट्टीवरून उठवून स्टोअरच्या खुर्चीत बसवलेला माणूस आहे. भट्टीपासून दूर ठेवणं रास्तच, पण दिवसभराची खुर्ची डॉक्टरांनी लिहून दिलेली नसते.

यावरून लठ्ठ रुग्णाला प्रत्यारोपणच नाकारावं, असा अर्थ कुणी काढू नये. जखम चिघळण्याचा, किडनी उशिरा सुरू होण्याचा धोका त्यांना अधिक; तरीही ‘केडिगो’ या किडनीविषयक आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांनी केवळ लठ्ठपणापायी कुणाला वगळू नये, असंच सुचवलं आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २००४ साली आशियाई माणसांना बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) २३ पासूनच सावध केलं. स्नायू झिजून पोट सुटलं, तर तो आकडाही फसवतो. तेव्हा कंबर टेपनं मोजून घ्या. वजन उतरवायला प्रेडनिसोलोन मनानं बंद करू नका आणि जाहिरातीतले काढेही पिऊ नका: काढ्यांमुळे टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी बिघडली, तर मिळालेली किडनी जाऊ शकते.