बार्मेनचा नकार

चर्चमध्ये वेदीजवळ नाझी झेंडे लावलेले फोटो पाहिलेत कधी? ही १९३३ ची जर्मनी. हिटलर सत्तेवर आला आणि 'जर्मन ख्रिश्चन' नावाचा गट सांगू लागला, की हा माणूस देवानेच धाडलाय. ज्यू वंशाच्या पाळकांना काढायचा नियम प्रशियाच्या चर्चने केला. नोव्हेंबरात बर्लिनच्या सभेत तर जुना करारच टाकून द्या, अशी मागणी झाली. येशू स्वतः ज्यू होता, हे सोयीने विसरले सगळे!

पास्टर मार्टिन नीमोलर यांनीही आधी हिटलरच्याच पक्षाला मत दिलं होतं. फसले होते. पण कळल्यावर पाळकांना एकत्र करून उभे राहिले. मे १९३४ मध्ये बार्मेनला १३९ प्रतिनिधी जमले. जाहीरनामा मुख्यतः कार्ल बार्थ यांचा. सहा कलमं, आणि प्रत्येकात खोटी शिकवण नाकारलेली. प्रभू एकच, ख्रिस्त. त्याच्या जागी दुसरा कुणी पुढारी चालणार नाही.

उणीवही सांगायला हवी. ज्यूंच्या छळाबद्दल त्यात एक शब्द नव्हता. बार्थना पुढे त्याची खंत वाटली.

नीमोलर १९३७ ते १९४५ कैदेत होते.

फसतो तर कुणीही. कळल्यावर आपण काय करतो, तेवढंच आपल्या हातात असतं.