भोपळ्यातले भाडेकरू

आज आपण एका पक्ष्याचा इतिहास पाहणार आहोत. पक्ष्याला कसला इतिहास, असं कुणी म्हणेल. जिथे करार असतो, चूक होते, कुणाचं तरी देणं मागे राहतं, तिथे इतिहास असतो, असं आम्ही मानतो. उत्तर अमेरिकेतल्या ‘पर्पल मार्टिन’ला तो पुरेपूर आहे.

हा भिंगरीच्या कुळातला पक्षी, त्या खंडातल्या भिंगऱ्यांमध्ये सर्वांत मोठा. नर इतका गडद जांभळा की सावलीत काळाच वाटावा. वसंतात अमेरिका-कॅनडात येऊन पिल्लं वाढवायची आणि थंडीत दक्षिण अमेरिकेत, मुख्यतः ब्राझीलमध्ये जायचं, हा त्याचा क्रम. घरटं ढोलीत. पण ढोली कोरायची चोच याला नाही; सुताराने कोरून सोडलेली शोधायची. पश्चिमेकडे काही मार्टिन अजून तसेच राहतात, ॲरिझोनाच्या वाळवंटात तर सग्वारो निवडुंगाच्या भोकात. रॉकी पर्वताच्या पूर्वेला मात्र जवळजवळ प्रत्येक मार्टिन माणसाने टांगलेल्या घरात जन्मतो.

हे कसं झालं? मूळ रहिवाशांपासून सुरुवात होते. अलेक्झांडर विल्सनने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लिहून ठेवलं आहे, की चोक्टॉ आणि चिकसॉ लोक झोपडीजवळच्या कोवळ्या झाडाचे शेंडे छाटत आणि उरलेल्या खुंटांना पोकळ भोपळे टांगत. भोपळा म्हणजे आपल्या दुधीच्याच जातीचा, वाळवलेला. आमच्या पिढीतले पुष्कळजण असाच भोपळा कमरेला बांधून विहिरीत पोहायला शिकले. विल्सनच्या आधी मार्क केट्सबीनेही कॅरोलिनात अशी घरं पाहिली होती. त्याने कारणही दिलंय: मार्टिन कावळ्यांना आणि ससाण्यांना हुसकावतो, कोंबड्या वाचतात. सरळ देवाणघेवाण बघा. गोरे वसाहतवाले आले, त्यांनी भोपळे घेतले, मग लाकडी माड्या बांधल्या. ऑड्युबॉनच्या काळी खेड्यातल्या खानावळीवरही मार्टिनची पेटी असे. भोपळ्यात वाढलेलं पिल्लू मोठेपणी भोपळाच शोधू लागलं आणि ढोलीची वाट मोडत गेली.

पुढे माणसाने एक उद्योग केला. १८५०च्या सुमारास ब्रुकलिनमध्ये युरोपातल्या चिमण्या आणून सोडल्या. १८९० आणि १८९१ साली न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये शंभरेक स्टार्लिंग सोडले. हा आपल्या साळुंकीच्या कुळातला पक्षी. (शेक्सपिअरच्या नाटकांतले सगळे पक्षी अमेरिकेत आणायचा घाट होता, अशी गोष्ट सांगतात. गोष्ट छान आहे, पुरावा लंगडा आहे.) दोघेही ढोलीत घर करणारे. ते मार्टिनच्या घरात घुसतात, अंडी फोडतात, पिल्लं मारतात. आपण इथे २० मार्चला चिमणी दिवस पाळतो, तिच्यासाठी गॅलरीत खोके टांगतो. तिथे मार्टिन पाळणारा माणूस तीच चिमणी पेटीतून हाकलत असतो. चिमणी तीच. तेव्हा ‘पक्षिप्रेम’ हा शब्द मोघमपणे वापरणं बरं नव्हे.

विसाव्या शतकात करारात नवं कलम आलं. इलिनॉयमधल्या ग्रिग्जव्हिल गावच्या जे. एल. वेड या कारखानदाराने १९६०च्या दशकात ॲल्युमिनियमची मार्टिन-घरं विकायला काढली. जाहिरात काय, तर एक मार्टिन दिवसाला दोन हजार डास खातो! वस्तुतः मार्टिन दिवसा आणि उंचावर शिकार करतो, डास संध्याकाळी खाली फिरतात. त्याच्या पोटात जातात चतुर, भुंगे, उडत्या मुंग्या. डास क्वचित. पण लोकांनी विश्वास ठेवला, घरं उभी राहिली, मार्टिन जगले. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, पण खोट्या कारणाने घडलेल्या या चांगल्या गोष्टीचं काय करायचं, याचं समाधानकारक उत्तर आमच्याकडे नाही. एवढं मात्र दिसतं, की कारण खोटं ठरलं म्हणून घर काढून घेता येत नाही. आत पिल्लं आहेत.

आणि परत येणारे आहेत. टोरांटोच्या यॉर्क विद्यापीठातल्या ब्रिजेट स्टचबरी यांनी मार्टिनच्या पाठीवर प्रकाश नोंदवणारी, ग्रॅम-दीड ग्रॅमची यंत्रं बसवली. २००९ साली निष्कर्ष छापून आले. जायला सहाएक आठवडे लावणारी एक मादी ॲमेझॉनच्या खोऱ्यातून पेनसिल्व्हेनियात अवघ्या तेरा दिवसांत परतली होती. अंतर साडेसात हजार किलोमीटर! बहुतेक मोठे मार्टिन जुन्याच वसाहतीकडे परततात. ती पोचते तेव्हा खांब जागेवर हवा ना?

मार्टिन पाळणाऱ्यांना तिथे ‘लँडलॉर्ड’ म्हणतात. भाडं न घेणारा घरमालक. आपल्याकडच्या मालकांना ऐकवायला हवं. हे मालक पुष्कळदा आमच्याच वयाचे असतात. एक गेला, घर विकलं, नव्या मालकाने खांब उपटला, की वसाहत उठली. तरुण माणसं फारशी पुढे येत नाहीत, ही काळजी तिथल्या संस्था आता उघड बोलतात.

काम सोपंही नाही. १९७२च्या जूनमध्ये ॲग्नेस चक्रीवादळाने पेनसिल्व्हेनिया भागात दिवसेंदिवस गार पाऊस पाडला. हवेत किडे उडेनात आणि मार्टिन घराघरांत उपाशी मेले, पिल्लांसकट. आता अशी थंडी पडली की काही मालक अंगणात उभे राहून प्लास्टिकच्या चमच्याने किंवा बेचकीने रातकिडे हवेत उडवतात. मार्टिनला उडतं तेच खाद्य कळतं, म्हणून ही युक्ती. रातकिडे संपले तर अंड्याची भुर्जी करून तिचे तुकडे उडवतात. पहिले काही तुकडे खालीच पडतात. मग एखादा पक्षी झेपावतो आणि त्याचं पाहून बाकीचे.