मोहाचं फूल आणि सरकारी दप्तर

पुसदचं जंगल म्हटलं की जो तो सागाबद्दल बोलतो. सरकारही तेच बोलत आलं. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाडाचा कारभार इंग्रजांकडे गेला, १८८६ ला वऱ्हाडाचा वेगळा वनकायदा आला आणि जंगलाचे वर्ग पडले: लाकूडफाट्याचं, गवताचं, चराईचं. आमचा तालुका तेव्हा वाशीम जिल्ह्यात. १९०५ ला तो जिल्हा मोडला आणि पुसद यवतमाळला जोडलं गेलं. जिल्हा बदलला, दप्तरातले रकाने तेच राहिले. झाडांची लग्नं कोण लावतं, याचा रकाना कुणी आखलाच नाही. पुसदला वनस्पतिशास्त्र शिकवण्यात माझं आयुष्य गेलं, म्हणून मला ही गोष्ट जरा जास्तच खुपते.

मोहाचं फूल मी पुस्तक मिटून शिकवायचो. शिमग्याच्या सुमारास पानं झडलेल्या फांद्यांच्या टोकांना तपकिरी, लवदार कळ्यांचे झुबके लोंबतात. कळी पुरती उमलायच्या आधीच तिच्यातून एक बारीक दांडी बाहेर येते. तिच्या टोकाला कुक्षी, म्हणजे फुलाच्या मादी अंगाचा पराग झेलणारा भाग. मादी आधी तयार, पराग नंतर. आपलेच पराग आपल्याला लागू नयेत याची ही तजवीज. मग रात्री आतली पाकळ्यांची वाटी फुगते: मांसल, गोड, मलईच्या रंगाची. पुंकेसर याच वाटीला आतून चिकटलेले असतात. वटवाघूळ येतं ते ही वाटी खायला. ती तोडताना त्याच्या तोंडाला, मानेच्या केसांना पराग माखतात आणि पुढच्या झाडावर बाहेर डोकावणाऱ्या कुक्षीला लागतात. पहाटेपासून उरलेल्या वाट्या पुंकेसरांसकट आपोआप गळतात. फांदीवर राहतो तो बीजांडकोश, पुढच्या फळाचा धनी.

म्हणजे खाली पडलेलं फूल वेचलं तरी फळाचं काहीच बिघडत नाही. एकाच झाडापासून चैत्रात फुलं आणि मृगाच्या आसपास टोळ, म्हणजे मोहाची फळं, असं दुहेरी उत्पन्न शेकडो वर्षं मिळत आलं ते यामुळेच. आमच्या खंडाळ्याकडच्या एका आंध आदिवासी म्हातारीला मी विचारलं होतं, झाड हलवून फुलं का पाडत नाही? ती म्हणाली, ‘हलवलं त टोळ कायचे लागतीन, मास्तर? त्याचं काम झालं का ते सोताच टाकते.’ परागण या विषयावर याहून नेमकं वाक्य मला कुठल्या क्रमिक पुस्तकात सापडलेलं नाही.

कागदावर मोह तसा लवकर आला. कलकत्त्याच्या ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या १७८८ च्या पहिल्याच खंडात चार्ल्स हॅमिल्टन या लेफ्टनंटाचा मोहावर लेख आहे. पुढे पाचच वर्षांनी जर्मनीत श्प्रेंगेलनं फुलं आणि कीटक यांचं नातं उलगडणारं पुस्तक काढलं. वटवाघळांची पाळी यायला मात्र बराच वेळ लागला. जावा बेटावर काम करणाऱ्या व्हान डेर पेइल या डच शास्त्रज्ञाचा वटवाघळं आणि फुलं यांवरचा मोठा अभ्यास १९३६ चा.

इकडे कायद्याला फुलात फक्त दारू दिसत होती. वाळल्या मोहफुलात वजनानं जवळपास निम्मी साखर, तेव्हा संशय अगदीच निराधार नव्हता. मुंबई इलाख्यात १८९२ ला मोहफुलांसाठी खास कायदा झाला, १९४९ च्या दारूबंदी कायद्यातही ती बंधनं राहिली. १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि हे लोढणं आमच्याही गळ्यात आलं. घरच्या खाण्याचं फूल साठवताना माणूस बिचकू लागला. महाराष्ट्र सरकारनं ती बंधनं सैल केली २०२१ मध्ये.

आणि वटवाघूळ? १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं फळं खाणाऱ्या वटवाघळांना पाचव्या अनुसूचीत टाकलं. त्या यादीत त्यांचे सोबती कावळे आणि उंदीर. उपद्रवी प्राणी, मारले तरी गुन्हा नाही. ती अनुसूची रद्द झाली २०२२ च्या दुरुस्तीनं. म्हणजे पन्नास वर्षं झाड राखीव, फूल संशयित आणि दोघांना जोडणारा जीव गुन्हेगार. तीन खात्यांनी एकाच संसाराचे तीन तुकडे केले, आणि एकाही खात्याला त्यात काही वावगं दिसलं नाही.

आता धुऱ्यांवर, टेकड्यांवर म्हातारे मोह भरपूर दिसतात. तरणे शोधावे लागतात. याचा दोष सगळा सरकारवर टाकणं मला जमत नाही. फुलं नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवतात, त्यात रोपं जळतात. टोळ तेलासाठी जातात. जी बी उरते तिचा दम काही आठवड्यांतच संपतो. ताजी असताना ओल्या मातीत पडली तरच ती उगवते. वटवाघूळ फळ तोंडात धरून दूर नेतं, गर खातं आणि बी तिथंच टाकतं. नेमका पावसाळा तोंडावर असताना.