मोरोपंतांच्या गावी महाजाल

बारामती म्हटले की कोणाला ऊस आठवतो, कोणाला राजकारण. मला मोरोपंत आठवतात. १७२९ साली पन्हाळ्यास जन्मलेला हा कवी नाईकांच्या आश्रयाने बारामतीत राहिला व १७९४ साली तेथेच वारला. त्याच्या रामायणांत एक ‘निरोष्ठ’ आहे. त्यात ओठ मिटून उच्चारायचे पवर्गातील वर्ण त्याने हौसेने वर्ज्य केले. त्याच्याच गावी दोनशे वर्षांनी संगणकाने सारी मराठी अक्षरेच वर्ज्य करावीत, ही काळाची थट्टाच म्हणावयाची!

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने इंटरनेट आपल्याकडे सामान्यांस खुले केले. इंटरनेट आणि वेब या दोहोंत पुष्कळांची गल्लत होते. बारामती-इंदापूरकरांस ते सांगणे सोपे आहे. नीरा डावा कालवा डोळ्यांपुढे आणावा. कालवा, फाटे, चाऱ्या हे जाळे म्हणजे इंटरनेट. त्यातून वाहणाऱ्या पाण्यावर ऊसही होतो, ज्वारीही होते. तसे या जाळ्यातून पत्रे जातात आणि वेबची पानेही येतात. ही वेब १९८९ साली टिम बर्नर्स-ली या इंग्रज गृहस्थाने जिनीव्हाजवळच्या सर्न संस्थेत योजिली. पान मागून आणून दाखविणारा तो ‘ब्राउझर’. एका पानावरून दुसऱ्यावर नेणारी ती ‘लिंक’. मात्र कालव्याचे पाणी उलटे चढत नाही, येथे ते चढते. आपल्याकडे येते ते ‘डाउनलोड’, आपण धाडतो ते ‘अपलोड’.

आता शब्दांचे. पंडितांनी ब्राउझरला ‘न्याहाळक’ म्हटले, वेबसाइटला ‘संकेतस्थळ’, लिंकला ‘दुवा’. शिवछत्रपतींच्या आज्ञेने रघुनाथपंत हणमंते यांनी राज्यव्यवहारकोश रचिला, तेव्हा ‘पेशवा’स ‘प्रधान’ हा पर्याय आला. लोकांनी पेशवाच ठेविला. सावरकरांचा ‘महापौर’ मात्र रुळला. माझ्या मते संकेतस्थळ टिकले ते वर्तमानपत्रांमुळे. दुवा टिकला, कारण साखळीचा दुवा घरोघर होताच. (आशीर्वादाचा दुवा निराळा, तो फारसी वाटेने आला.) न्याहाळक बिचारा कोशातच बसून न्याहाळतो आहे.

पण शब्दांपेक्षा अक्षरांची अडचण मोठी होती. आरंभी प्रत्येक वर्तमानपत्राचा टंक निराळा. तो आपल्या यंत्रात नसला की बातमीच्या जागी किडेमुंग्या दिसत. युनिकोडच्या १९९१ सालच्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरी होती, पण ती घरोघरच्या यंत्रांत पोहोचावयास बरीच वर्षे गेली. २००३ च्या सुमारास मुंबईच्या आयआयटीने बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या साह्याने शेतकऱ्याने मराठीत विचारावे व जाणकारांनी मराठीत उत्तर द्यावे, अशी सोय केली. डाळिंबावर तेल्या पडला, तर त्याचे इंग्रजी नाव ठाऊक नसणाऱ्या इंदापूरच्या बागाईतदाराने काय करावे? बाग कोशकाराची वाट पाहत थांबत नाही. त्याला ‘तेल्या’ असेच लिहिता यावयास हवे होते, आणि ते येऊ लागले.

२०१४ साली ‘.भारत’ हे देवनागरी नावही मिळाले. ‘ॲड्रेस’ला मात्र कोणी नवा शब्द शोधला नाही, ‘पत्ता’ आधीपासून घरातच होता.