फ्लॅशिंग, धुराड्याचे (शिशाचे)

धुराड्याचे विटकाम आणि उतरते छप्पर जिथे मिळतात, त्या सांध्यातून पावसाचे पाणी घरात उतरू नये म्हणून बसवलेले शिशाच्या पत्र्याचे आवरण. ब्रिटनमध्ये व्हिक्टोरियन काळातल्या आणि नंतरच्याही असंख्य घरांवर ते दिसते. धुराड्याच्या खालच्या अंगाला रुंद पट्टी (एप्रन), दोन्ही बाजूंना विटांच्या थरांप्रमाणे पायऱ्यापायऱ्यांत कापलेली पट्टी आणि वरच्या अंगाला पाणी अडवून दोहोंकडे वळवणारी पन्हळ, असे त्याचे भाग असतात. छप्पर स्लेटचे किंवा सपाट कौलांचे असेल, तर बाजूच्या पट्टीखाली प्रत्येक थरागणिक शिशाचा एकेक तुकडा दडवलेला असतो. त्याला सोकर म्हणतात. पट्टीची वरची कड विटांमधल्या सुमारे 25 मिमी खोल खाचेत घालतात, शिशाच्याच पाचरी ठोकून ती घट्ट करतात आणि खाच मसाल्याने किंवा लवचीक सीलंटने बुजवतात.

शिसे मऊ असल्याने ठोकून कोणत्याही कोपऱ्यात बसते, आणि हवेत त्यावर धरणारा राखाडी थर धातूचे रक्षण करतो. नीट बसवलेले शिसे साठ वर्षे सहज टिकते. शंभरी गाठलेली आवरणेही पुष्कळ आहेत. मात्र तापल्यावर ते पोलादाच्या दुपटीहून अधिक प्रसरण पावते. दिवसा फुगणे आणि रात्री आखडणे वर्षानुवर्षे चालते. म्हणून एका तुकड्याची लांबी 1.5 मीटरपेक्षा जास्त ठेवू नये, असा ब्रिटनमधल्या कारागिरांचा दंडक आहे. सर्वसाधारण कामाला ‘कोड 4’चा, म्हणजे सुमारे 1.8 मिमी जाडीचा पत्रा वापरतात. लांबलचक सलग पट्टी किंवा फार पातळ पत्रा घातलेला असेल, तर तो आधी सुरकुततो आणि मग त्याच सुरकुतीवर फाटतो.

ही फाट हेच फ्लॅशिंग बदलण्याचे सर्वांत खात्रीचे लक्षण होय. सुरुवातीला पत्र्यावर एक बारीक वळी उठते. तिच्या माथ्यावर केसाएवढी काळपट रेघ दिसू लागते, आणि पाऊस थांबून बाकीचा पत्रा वाळला तरी ती रेघ ओलसर राहते. घडीच्या कडेला किंवा पन्हळीच्या कोपऱ्यात ती बहुधा आधी सापडते. धातू थकल्यामुळे पडलेली ही चीर डाग देऊन बंद केली, तरी प्रसरणाला वाव नसेल तर शेजारी नवी पडते. त्यामुळे पत्र्यावर जुन्या बिटुमेनच्या चिकटपट्ट्यांचे थर दिसले, तर खालचे शिसे निकामी झाले असे धरून चालणेच शहाणपणाचे.

दुसरे लक्षण झिजेचे. शेवाळ आणि दगडफूल माजलेल्या छपरावरून ठिबकणारे पाणी किंचित आम्लयुक्त असते. त्याची धार सतत एकाच जागी पडली की शिशावर चकचकीत चर उमटतात आणि पुढे भोके पडतात. पत्र्याच्या खालच्या अंगाला पांढरी भुकटी साचली असेल, तर आत कोंडलेल्या दमटपणामुळे शिसे पोटातून खाल्ले जात आहे असे समजावे.

याउलट, खाचेतला मसाला गळून पडणे, पाचर निसटणे किंवा वाऱ्याने पट्टी उचलली जाणे हे बसवणीचे दोष आहेत. पत्रा अखंड आणि जाड असेल, तर तो पुन्हा ठोकून खाच भरणे पुरते. हा फरक न ओळखता चांगले शिसे उखडून टाकणे ही उधळपट्टीच ठरते. शिशाऐवजी नुसत्या सिमेंटचा तिरका थापा मारलेला असेल, तर मात्र तो तडकणारच. तिथे शिसे घालून घ्यावे.

घरात धुराड्यालगतच्या भिंतीवर किंवा छतावर उमटलेला तपकिरी डाग दर वेळी फ्लॅशिंगमुळेच पडतो असे नाही. वाऱ्याबरोबरच्या पावसानंतर काही तासांत डाग वाढला, तर संशय सांध्यावर जातो. पाऊस नसताना केवळ दमट हवेने तो ओलावत असेल, तर जुन्या काजळीतून गिलाव्यात उतरलेले क्षार हवेतली वाफ शोषत असतात. माथ्यावरचा तडकलेला मसाला, विटांच्या पोकळ दरजा किंवा हवा खेळू न देता बुजवलेली धूरनळी यांमुळेही ओल येते. भर पावसात विजेरी घेऊन पोटमाळ्यावर जाणे ही उत्तम परीक्षा. पण पाणी वाशावरून घरंगळत दूर जाऊन टपकते, म्हणून ओघळाचा माग वरपर्यंत काढत जावे. बाहेर रस्त्यावरून दुर्बिणीने पाहिले तरी बरेच कळते; छपरावर स्वतः चढण्याची गरज नसते.

कौले नव्याने घालायची असतील किंवा दरजा भरून घ्यायच्या असतील, तर परांची उभी असतानाच म्हातारे शिसे बदलणे हिताचे. नव्या पत्र्यावर पॅटिनेशन तेल लगेच लावावे, नाहीतर पहिल्याच पावसात कौलांवर पांढरे ओघळ येतात. शिसे विषारी असल्याने ते हाताळताना हातमोजे वापरावेत आणि जेवणाआधी हात धुवावेत. काढलेल्या शिशाला भंगारात चांगली किंमत येते आणि ते वितळवून त्याचा पुन्हा पत्रा करता येतो.